परिचित प्रतिपक्ष

हंगामाचा पहिलाच सामना नित्याच्या प्रतिस्पर्ध्याशीं असावा, हें वरकरणी सोपें वाटतें. वस्तुतः तीच खरी परीक्षा होय. अमेरिकेंतील कॉलेज-फुटबॉलचा आरंभच अशा शेजाऱ्यांत झाला. ६ नोव्हेंबर १८६९ रोजीं न्यू जर्सी प्रांतांत, न्यू ब्रन्स्विक येथें, रटगर्स व प्रिन्स्टन या महाविद्यालयांचे संघ प्रत्येकीं २५ गडी घेऊन भिडले. रटगर्सनें ६-४ असा जय मिळविला. आठच दिवसांनीं प्रिन्स्टननें आपल्या मैदानावर ८-० अशी परतफेड केली!

जन्मभर संस्कृत शिकविणाऱ्या मला येथें पूर्वपक्षाचें स्मरण होतें. प्रतिपक्षाचें म्हणणें नीट मांडल्यावांचून शास्त्रांत सिद्धान्त उभा राहत नाहीं. हंगामारंभीं आपल्या संघाचें बळ कोणासच ठाऊक नसतें. जुना प्रतिस्पर्धीच तें मोजून दाखवितो. नवख्यापुढें गतवर्षींचा दोष झांकतां येतो, त्याच्यापुढें नाहीं.

१९८० सालच्या सामन्यानंतर रटगर्स-प्रिन्स्टनची ही परंपरा खंडित झाली. बलाढ्य प्रतिस्पर्धी दूरदूरचे मिळतात. परंतु आपलें वर्म जाणणारा शेजारी एकदां सुटला, म्हणजे आपण वाढलों कीं खुंटलों, हें सांगणार कोण?