भिंतीआडची ओल

घर विकावयाचे ठरले, की त्या घराकडे परक्याच्या नजरेने पाहावे लागते. अकरा वर्षे ज्या दाराच्या कुरकुरीचा आम्हाला कधी उपद्रव झाला नाही, तीच कुरकुर गिऱ्हाईक येणार म्हणताच कानांना टोचू लागली. बैठकीच्या खोलीतील मरून रंगाची खरबरीत भिंत, छताची नक्षी व तिच्यात दडविलेले निळे दिवे, टीव्हीसाठी केलेले भले थोरले काचेचे कपाट, हे सारे २०१४ साली आम्ही हौसेने करून घेतले होते. त्या काळी उलव्यात ज्याच्या त्याच्या घरी एक भिंत निराळ्या रंगाची असे. आता दलाल म्हणाला, "मॅडम, ही भिंत आधी घालवा. हिच्यामुळे घर जुने दिसते." मला थोडे वाईट वाटले. तो रंग निवडण्यात आमचे दोन रविवार गेले होते.

आमचे हे पहिले घर. ह्यांची नोकरी न्हावाशेवा बंदरात. वसईहून रोजची ये-जा अशक्य, म्हणून आम्ही २०१२ साली येथे दोन खोल्या व स्वयंपाकघर एवढे घर नोंदविले. तेव्हाचे उलवे म्हणजे आखलेले रुंद रस्ते, कडेला मोकळे भूखंड आणि भूखंडांत साचलेल्या पाण्यात माजलेले लव्हाळे. रेल्वे नव्हती. बेलापूर गाठायचे, तर बसची वाट पाहत उन्हात उभे राहावे लागे. खारकोपरपर्यंत पहिली गाडी आली ती ११ नोव्हेंबर २०१८ रोजी. आमच्या इमारतीतील कितीतरी माणसे त्या दिवशी काही काम नसताना नुसती बसून नेरुळला जाऊन आली. पुढे १२ जानेवारी २०२४ रोजी शिवडीहून समुद्रावरून येणारा सुमारे २२ किलोमीटरचा अटल सेतू सुरू झाला, त्याच दिवशी रेल्वेही उरणपर्यंत पोहोचली, आणि घरांचे भाव चढले.

ह्या जमिनीचा पूर्वेतिहास मला कळला तो आमच्या गवंड्याकडून. सिडकोची स्थापना १९७० सालची. नव्या शहरासाठी इकडच्या भातशेतीची व मिठागरांची जमीन घेण्यात आली. योग्य मोबदल्यासाठी शेतकरी उठले, जानेवारी १९८४ मध्ये जासई-दास्तान परिसरात गोळीबार झाला आणि पाच जणांचे प्राण गेले. दि. बा. पाटील ह्यांच्या नेतृत्वाखालच्या त्या लढ्यामुळेच पुढे जमीनधारकाला विकसित भूखंडाच्या रूपाने साडेबारा टक्के जमीन परत मिळू लागली. उलव्यातील पुष्कळ इमारती अशाच भूखंडांवर उभ्या आहेत, आमचीही त्यांतलीच. आपण जिथे झोपतो, त्या मजल्याखाली कुणाचे तरी शेत होते, हे मला ठाऊक होते. पण शेताचा बांध कुठून गेला होता हे खिडकीतून हात करून दाखविणारा माणूस प्रथमच भेटला.

गवंडी साठीचा होता. विमानतळासाठी मूळ उलवे गावासह दहा वस्त्या उठल्या, त्यांपैकी एकीतला तो. स्वतःच्या घराची कौले त्याने स्वतःच्या हातांनी उतरविली होती. मरून भिंत खरवडता खरवडता त्याने हे सांगितले, त्यात तक्रारीचा सूर नव्हता. वासे चांगले सागाचे होते, ते नव्या घराला वापरता आले नाहीत, एवढेच त्याला लागून राहिले होते. गावामागचा डोंगर फोडून सपाट केला, नदीचा प्रवाह वळविला, त्या वर्षांत सुरुंगाचा हादरा बसला की आमच्या कपाटातील पेले किणकिणत. दाराच्या चौकटीवर केसाएवढी भेग होती, ती त्या हादऱ्यांची असावी असे मला वाटे. गवंड्याने नखाने ती तपासली आणि म्हणाला, "काकू, ही नुसती गिलाव्याची. हिला घाबरू नका. घाबरायचं असेल तर आत चला."

आत म्हणजे निजायच्या खोलीत. नहाणीघराला लागून असलेल्या भिंतीवर, जमिनीपासून कमरेइतक्या उंचीपर्यंत, रंगाचे पोपडे सुटले होते आणि त्यांच्याखाली कापसासारखी पांढरी बुरशी दिसत होती. मी तिला बुरशीच समजत होते. ती बुरशी नव्हे, मीठ. विटांत, वाळूत, सिमेंटात थोडेफार क्षार असतातच. ओल आली की ते पाण्यात विरघळून भिंतीच्या पृष्ठभागाकडे सरकतात. पाणी हवेत उडून जाते, क्षार मागे राहतात, त्यांचे खडे धरतात, आणि वाढताना ते रंगाला आतून ढकलतात. म्हणून अशा भिंतीवर कितीही भारी रंग लावला, तरी तो टिकत नाही; एक पावसाळा, फार तर दोन. मुळातली ओल थांबवावी, गिलावा विटेपर्यंत काढावा, भिंत महिनाभर उघडी सुकू द्यावी, मगच पुन्हा हात लावावा. दुसरा इलाज नाही.

दलालाजवळ दुसरा इलाज होता. जानेवारी महिना चालू होता, हवा कोरडी. पोपडे खरवडा, पुट्टी मारा, फिकट रंगाचे दोन हात द्या, भिंतीला लाकडी फळ्यांचे आवरण केले तर अधिकच उत्तम. मे संपण्याच्या आत व्यवहार उरकेल आणि जूनमध्ये जे व्हायचे ते नव्या मालकाच्या घरात होईल. "सगळेच करतात, मॅडम," असे त्याने अगदी सहज सांगितले. तो लबाड माणूस नव्हता. उन्हातान्हात मोटारसायकलवरून फिरून पोट भरणारा गरीब मुलगा होता. त्याला व्यवहार हवा होता.

आम्हालाही हवा होता. वसईला माझ्या सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, शेजारीपाजारी किती दिवस पाहणार? ह्यांची निवृत्ती झालेली. तिकडच्या घराच्या छपराचे काम ह्याच पैशांतून व्हायचे. गवंड्याने सांगितलेला मार्ग धरला, तर दोन महिने जाणार, खर्च होणार, आणि उशीर होऊन पाऊस गाठला तर गिऱ्हाईकच येणार नाही. हे दोन रात्री काही बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "त्या खोलीत लहान मूल झोपायचे असेल तर?" आमच्या धाकटीला ह्याच खोलीत सर्दी-खोकल्याने हैराण केले होते. विषय तेथेच मिटला.

ज्या वकिलांकडे आम्ही कागदपत्रे दाखवायला नेली, त्यांनी कायद्याची बाजूही सांगितली. घेणाऱ्याने आपले पाहून घ्यावे, असा व्यापाराचा जुना नियम आहे खरा. परंतु स्थावर मालमत्तेच्या बाबतीत १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा त्याला वेसण घालतो. त्याच्या कलम ५५ नुसार, विकणाऱ्याला माहीत असलेला आणि घेणाऱ्याला सर्वसाधारण दक्षतेने शोधता न येणारा महत्त्वाचा दोष विकणाऱ्याने सांगावाच लागतो. म्हणजे फळ्यांआड दडविलेली ओल ही नुसती चतुराई ठरत नाही. आम्ही आधीच ठरविले होते. पण सव्वाशेहून अधिक वर्षांचा कायदा आपल्या बाजूला आहे हे कळल्यावर ह्यांना बरे वाटलेले मी पाहिले.

खरी अडचण पुढे होती. ओल आमच्या नहाणीची की वरच्या, हे शोधायचे होते. आमच्या नहाणीच्या मोरीचे तोंड बंद करून दोन दिवस पाणी कोंडून ठेवले. भिंतीच्या डागात फरक पडला नाही. मग वरच्या मजल्यावर तसेच केले, आणि दुसऱ्या सकाळी आमच्या नहाणीचे छत घामेजले. पाणी वरून येत होते, नळाच्या कडेने उतरून भिंतीत मुरत होते. सोसायटीच्या उपविधींप्रमाणे नहाणी-संडासातील अंतर्गत गळतीची दुरुस्ती त्या त्या सभासदाने स्वखर्चाने करावयाची असते. पण वर राहत होत्या एकट्या आजी. मुलगा परगावी, उत्पन्न म्हणजे यजमानांच्या मागे मिळणारे निवृत्तिवेतन. उपविधी घेऊन त्यांच्या दारात कसे उभे राहायचे? आणि न उभे राहावे, तर आमची भिंत कशी सुकायची?

आजींनीच मार्ग काढला. "सामान माझे, मजुरी तुमची," असे त्या म्हणाल्या, आणि भिंतीकडे तोंड करून बांगड्यांची डबी उघडू लागल्या, तेव्हा मी त्यांचा हात धरला. शेवटी मुलाने पैसे पाठविले. अर्धा वाटा त्यांचा, अर्धा आमचा. जुन्या लाद्या उखडल्या, विटांच्या तुकड्यांचा नवा कोबा घातला, जलरोधक द्रव्य घातलेल्या सिमेंटचे थर दिले, पुन्हा दोन दिवस पाणी कोंडून पाहिले. ते आठ दिवस आजी आंघोळीला आमच्याकडे येत आणि येताना रोज काहीतरी खायला आणीत. अकरा वर्षांत आमची जेवढी बोलणी झाली नव्हती, तेवढी त्या आठ दिवसांत झाली.

भिंत सुकायला पाच आठवडे लागले. ह्या काळात नातलगांच्या सल्ल्यांना ऊत आला. अमेरिकेतल्या आमच्या एका आप्तांनी कळविले, की तिकडे घर लवकर विकले जावे म्हणून संत योसेफाची लहान मूर्ती अंगणात उलटी पुरतात. दुकानात तिचा संचच मिळतो म्हणे. तिसऱ्या मजल्यावर अंगण कुठून आणायचे? तुळशीच्या कुंडीत पुरायला मी तयार नव्हते. ज्या सुताराने आयुष्यभर इतरांची घरे उभारली, त्याला डोके खाली करून मातीत उभे करणे मला प्रशस्त वाटले नाही.

घरातली वेदी मात्र उतरवावी लागली, कारण ती मरून भिंतीवरच होती. दलालाला ती तशीही नको होती. गिऱ्हाईक कोणत्याही धर्माचे असू शकते, असे तो म्हणाला, आणि त्यात चूक काही नव्हते. वेदी काढल्यावर भिंतीवर मेणबत्त्यांच्या धुराचा तांबूस-काळा पट्टा राहिला. गवंड्याने पॉलिश पेपर हातात घेतला, क्षणभर थांबला आणि विचारले, "घासू ना, काकू?" मी होय म्हटले. स्वयंपाकघरात गेले.

बाकीची सजावट फार नव्हती. निळे दिवे गेले, कपाट गेले, गंजलेल्या ट्रॉल्या बदलल्या, ओटा घासून लखलखीत केला. सर्वत्र एकच दुधी रंग दिला. घर मोठे दिसू लागले. आपण इतकी वर्षे ते लहान करून राहत होतो, असे मला वाटून गेले. दलालाने छायाचित्रे काढली.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात एक तरुण जोडपे आले. मुलगी पाच महिन्यांची गरोदर. मी त्यांना निजायच्या खोलीत नेले आणि ओल कुठवर होती, काय काय केले, ते सांगितले. फुटलेल्या नहाणीची छायाचित्रे दाखविली. दलाल दाराशी उभा राहून छताकडे पाहत होता. त्या मुलाने भिंतीवर तळहात ठेवला आणि बराच वेळ ठेवला. त्यांनी भाव उतरवून मागितला. आम्ही थोडा उतरविला, छपराचे पत्रे साधेच घ्यायचे ठरविले. सिडकोच्या परवानगीचे, सोसायटीच्या ना-हरकत पत्राचे सोपस्कार होईपर्यंत पावसाने दोन दणके दिले होते. करारावर सह्या करण्यापूर्वी ती दोघे पुन्हा येऊन ती भिंत पाहून गेली. कोरडी होती. आम्ही वसईला निघालो. त्याच वर्षी ८ ऑक्टोबरला विमानतळाचे उद्घाटन झाले आणि नाताळच्या दिवसापासून तेथून विमाने उडू लागली. ती आम्ही पाहिली नाहीत.

किल्ल्या देताना मी त्या मुलीजवळ उरलेल्या रंगाचा डबा, गवंड्याचा फोन नंबर आणि आजींच्या घरची चावी कुठे ठेवलेली असते हे सारे सोपविले. तिने विचारले, "मावशी, वारा कुठल्या खिडकीने येतो?"

"पश्चिमेच्या," मी म्हटले. "पण साडेपाचच्या आत जाळी ओढून घेत जा. खाडीचे डास आहेत."