बेताचा आवाज

गेल्या दिवाळीत माझ्या धाकट्या मुलाने पुण्याहून येताना आपल्या पुतणीसाठी एक इलेक्ट्रिक गिटार आणली. नात पंधरा वर्षांची. घरात वाद्य आले की घराचा आवाज बदलतो, अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात काहीच बदलले नाही. साध्या गिटारीचे पोकळ पोट तारेचा कंप झेलून तो खोलीभर पसरवते. हिला ते पोटच नाही. भरीव लाकडावर ताणलेल्या पोलादी तारा, आणि त्यांच्याखाली लोहचुंबकाभोवती गुंडाळलेले बारीक तांब्याच्या तारेचे वेटोळे. तार हलली की वेटोळ्यात क्षीण विद्युत्प्रवाह उत्पन्न होतो. फॅरडेने १८३१ साली दाखवून दिलेले तत्त्वच ते. पण त्या प्रवाहाला मोठा करून पुन्हा ध्वनीत आणणारे दुसरे यंत्र शेजारी नसेल, तर वाजवणाऱ्याच्या बोटांखाली एक पुसट किणकिण तेवढी उरते. दोन महिने नात अशीच वाजवत बसे. दारावरून जाताना मला तिची बोटे दिसत, कपाळावरची आठी दिसे. ऐकू काही येत नसे. अखेर एके दिवशी ती म्हणाली, "आबा, मला ॲम्प्लिफायर हवा. मी काय वाजवते ते मलाच कळत नाही."

हे वाक्य मला लागले. आपण काय करतो आहोत हे आपल्याला कळावे, ही कोणत्याही साधनेची पहिली गरज. जन्मभर विद्यार्थ्यांना मी हेच सांगत आलो. तेव्हा घ्यायचे ठरले. पण भिलाईत, आणि तेही सेक्टरमधल्या क्वार्टरमध्ये, आवाज विकत आणणे ही सोपी गोष्ट नाही.

सोव्हिएत रशियाच्या साह्याने इथे पोलाद कारखाना उभारण्याचा करार १९५५ सालचा. पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते सुरू झाली, आणि त्याच सुमारास माझे वडील अमरावतीकडून इथे नोकरीला आले. झोतभट्टी एकदा पेटली की वर्षानुवर्षे विझवत नाहीत. तिच्या या स्वभावामुळे गावाच्या दिवसाचे तीन तुकडे झाले: सकाळी सहा ते दोन, दोन ते रात्री दहा, दहा ते पुन्हा सहा. त्यामुळे आमच्या ओळीत कोणत्याही प्रहरी कोणीतरी झोपलेले असते. कोणाच्या खिडकीचा पडदा दिवसा ओढलेला आहे, हे आम्ही मुले शाळेच्या धड्यांआधी वाचायला शिकलो. भर सकाळी क्रिकेट खेळताना बाद झाल्याचा पुकाराही दबल्या आवाजात करणारी मुले मी भिलाईबाहेर पाहिली नाहीत. २००० साली छत्तीसगढ राज्य झाले. राज्य बदलले, पाळ्या बदलल्या नाहीत. त्याच साली केंद्राचे ध्वनिप्रदूषणाचे नियम आले. निवासी वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही त्यांची मर्यादा, आणि रात्र म्हणजे दहा ते सहा. कायद्याची रात्र एकच असते. आमच्या शेजारच्या गृहस्थांची रात्र दर आठवड्याला बदलते. त्यांची आणि आमची भिंत एक आहे.

रायपूरच्या एका वाद्यांच्या दुकानात आम्ही आजोबा-नात गेलो. विक्रेता तरुण, उत्साही होता. त्याने आधी शंभर वॅटचे धूड दाखवले, मग चाळीसचे, आणि वीस वॅटच्या पेटीकडे येताना त्याचा उत्साह पुष्कळ मावळला होता. जास्त वॅट म्हणजे जास्त चांगले, असा त्याचा आणि बहुतेक गिऱ्हाइकांचाही हिशेब. वस्तुस्थिती निराळी आहे. मानवी कान सरळ बेरीज करीत नाही. आवाज दुप्पट झाल्यासारखा वाटायला शक्ती सुमारे दहापट करावी लागते. म्हणजे इतर सारे सारखे असताना शंभर वॅटचे यंत्र दहा वॅटच्या यंत्राहून केवळ दुप्पट मोठे वाटते. आणि दहा वॅटही बारा फुटांच्या खोलीला पुरून उरतात. शंभर वॅटची गरज घरातून निघालेली नव्हती. १९६५ च्या सुमारास लंडनमध्ये जिम मार्शलने 'द हू' या वाद्यवृंदासाठी तशी यंत्रे बांधली. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये बीटल्सना शंभर वॅटची यंत्रे असूनही किंचाळणाऱ्या गर्दीपुढे स्वतःचे वादन धड ऐकू आले नाही. जमावासाठी घडलेली ती वस्तू दुकानाच्या फळीवरून आता झोपण्याच्या खोल्यांत शिरू पाहते आहे.

मी विक्रेत्याला म्हटले, "आपण तिघे बोलतो आहोत, ते बोलणे बुडू न देता वाजवून दाखवा." त्याला ही मागणी विचित्र वाटली, पण त्याने मानली, आणि मोठ्या यंत्रांचे पितळ तिथे उघडे पडले. त्यांची कळ शून्यावरून रेसभर सरकवली की शांततेतून एकदम गर्जनाच होई. मधल्या पायऱ्याच नव्हत्या. त्याहून कमी केले की स्वर पातळ, निर्जीव होई. यातला काही दोष यंत्राचा नव्हे, आपल्या कानाचाच आहे. बेल प्रयोगशाळेतल्या फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ साली मांडून दाखवले, की आवाज लहान होत जातो तसे खर्जातले स्वर कानाला आधी सोडून जातात. गिटारीची सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे ८२ कंपने करते. हळू आवाजात तीच प्रथम हरवते. तीन इंची स्पीकरच्या खेळण्यातून ती मुळातच निघत नाही. म्हणून घरासाठी आठ इंचांचा स्पीकर बरा. म्हणून खर्जाची, मधल्या सप्तकाची आणि तारस्वरांची कळ वेगवेगळी हवी.

दुसरा पेच अधिक अवघड. गिटारीचा जो किंचित फाटलेला, दाणेदार स्वर तरुणांना प्रिय आहे, तो जुन्या व्हॉल्व्हच्या यंत्रांतून निघतो, आणि तोही त्यांना ताकदीच्या टोकापर्यंत नेले की. स्वर चांगला हवा तर आवाज मोठा हवा, अशी ही अट. शास्त्राच्या भाषेत तो स्वर म्हणजे विकृती. पण आपल्या परंपरेला हे अपरिचित नाही. खैरागडच्या संगीत विश्वविद्यालयात मी एकदा तानपुऱ्याची जवारी लावताना पाहिली होती. घोडीवर तारेखाली सुताचा धागा केसभर सरकवतात, आणि स्वच्छ तारेच्या कडेला एक झणत्कार उगवतो. त्यात मूळ स्वराचे उपस्वर उमलून येतात. मिरजेच्या ज्या तानपुऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, त्याची थोरवीही या सुखद खरखरीवाचून पुरी होत नाही. फरक इतकाच, की जवारीला मोठा आवाज लागत नाही. यंत्रांनीही आता ती युक्ती साधली आहे. स्वर आधी आतल्या आत हवा तेवढा तापवायचा आणि बाहेर किती सोडायचा हे दुसऱ्या कळीने ठरवायचे, अशा दोन कळा स्वतंत्र असतात. आणि १९९० नंतरच्या दशकापासून जुन्या व्हॉल्व्हांच्या स्वभावाची गणिती नक्कल करणारी यंत्रेही आली.

व्हॉल्व्हचे एक लहान यंत्र मला मात्र फार आवडले. नात नाही म्हणाली. "आबा, ते सारखं सूं करतंय. तुम्हाला ऐकू येत नाही?" मला खरोखरच येत नव्हते. पासष्टाव्या वर्षी वरच्या पट्टीतले पुष्कळ काही कानातून गेलेले असते, आणि गेलेले गेले आहे हे कळत नाही. मी निवडायला आलो होतो, आणि जे निवडायचे त्याचा एक भाग मला ऐकूच येत नव्हता. त्यानंतर मी बाकावर बसून राहिलो. तिनेच वीस वॅटची, आठ इंची स्पीकरची, दोन कळांची आणि हेडफोनची सोय असलेली पेटी निवडली.

परतीच्या वाटेवर 'ध्वनिवर्धक' हा आपला शब्द मनात घोळत राहिला. आनंदवर्धनाने 'ध्वनी' मानला तो उच्चारलेल्या शब्दांच्या पलीकडे, घंटेच्या टोल्यामागून उरणाऱ्या अनुरणनासारखा. तो काही मोठ्याने बोलून वाढत नाही. आणि मराठीत 'वाढणे' म्हणजे केवळ मोठे होणे नव्हे. पंगतीत पानावर वाढणेही आहे. जाणता वाढपी पातेले किती मोठे हे दाखवत नाही. तो पान पाहतो, जेवणाऱ्याचा हात आडवा आला की थांबतो.

इथे मला एक जुनी गोष्ट सांगितली पाहिजे. माझा थोरला भाऊ, दादा, याने १९७२ च्या सुमारास शेजारच्या एका बंगाली गृहस्थांकडून हवाईयन गिटार शिकायला घेतली होती. मांडीवर आडवी ठेवून पोलादी कांडीने वाजवायची ती. ध्वनिवर्धक घेण्याची ऐपत नव्हती. आमच्या व्हॉल्व्हच्या रेडिओला मागे ग्रामोफोनची पिन जोडायची जागा असे. दादाने तिथे गिटारीची तार जोडली, आणि ज्या पेटीतून सिलोनची गाणी येत त्या पेटीतून त्याची स्वतःची गाणी येऊ लागली. एका सकाळी वडील रात्रपाळी करून झोपले होते. दादा वाजवत होता. वडील बाहेर आले, एक शब्द न बोलता त्यांनी रेडिओचे बटण बंद केले आणि परत जाऊन झोपले. दादाने पुन्हा गिटार रेडिओला जोडली नाही. ती कपाटावर गेली, आणि पुढे कधीतरी कोणाला देऊन टाकली गेली. वडिलांची झोप आणि मुलाचे वाद्य यांत झोप जिंकली, अशी ही गोष्ट आमच्या घरात सांगितली जाते.

ती तशी नाही. वडिलांची झोप गाढ होती. ते आवाजाने उठले नव्हते. त्यांना मी उठवले. माझी सातवीची परीक्षा जवळ आली होती, आणि सारे घर दादाच्या वादनाचे कौतुक करीत होते. मी आत जाऊन त्यांच्या खांद्याला हात लावला आणि म्हटले, "बाबा, दादा ऐकत नाही." दादाला हे कळले होते की नाही, मला माहीत नाही. त्याला जाऊन चार वर्षे झाली.

पेटी घरी आली तेव्हा पहिले पंधरा दिवस नातीने हेडफोन लावूनच वाजवले. शेजारधर्म पाळला गेला, कोणाची तक्रार नव्हती. पण घर पुन्हा मुके झाले. पुन्हा तीच बोटे, तीच आठी. घरात शिकणाऱ्याच्या चुका घराने ऐकायच्या असतात. त्या ऐकून न ऐकल्यासारखे करायचे असते. आणि एके दिवशी ती चूक झाली नाही हे स्वयंपाकघरातल्या माणसालाही कळायचे असते. हेडफोनने हे सारे कापून टाकले होते.

मग मी शेजारी गेलो. इतक्या वर्षांत हे विचारायला कधी गेलो नव्हतो. गृहस्थ हसले. छत्तीसगढी वळणाच्या हिंदीत म्हणाले, झोप आवाजाने मोडत नाही सर, अचानक आवाजाने मोडते. त्यांनी आपल्या ड्यूटीचा कागद मला उतरवून दिला, आणि पेटी सामाईक भिंतीला टेकवू नका, जमिनीवरही ठेवू नका, खर्ज भिंतीतून चालत येतो, असेही सांगितले. तो कागद आता पेटीच्या डोक्यावर चिकटवलेला आहे. त्यांचा रात्रपाळीचा आठवडा असला की दुपारपर्यंत हेडफोन; संध्याकाळी पाच ते सात मोकळा आवाज. पेटी स्टुलावर, तोंड किंचित वर, भिंतीपासून दोन हात दूर. कळ कुठवर फिरवायची तिथे नातीने लाल नेलपॉलिशची खूण केली आहे. पंख्याचा रेग्युलेटर आणि ट्यूबलाइट जवळ असले की गिटार गुणगुणते, म्हणून ती पंखा बंद करून, घाम पुसत वाजवते.

एका संध्याकाळी तिचे वाजवणे थांबल्यावर मी तिला दादाची गोष्ट सांगितली. घरात सांगतात ती नव्हे, खरी. ती काही वेळ गप्प राहिली. मला वाटले, ती माझ्याविषयी काही बोलेल. तिने विचारले, "ते कोणतं गाणं वाजवत होते?"

मी पुष्कळ आठवून पाहिले. रेडिओचे लाकूड आठवले, मागे लोंबणारी तार आठवली, दादाच्या हातातली कांडी आठवली. गाणे आठवले नाही. मी ते ऐकलेच नव्हते. फक्त ते मोठे आहे, एवढेच मला तेव्हा कळले होते.