खिंडीपलीकडचं मावळ

पाबे घाटाच्या माथ्यावर पावसाच्या वाटण्या होतात. खिंडीच्या उत्तरेला पडलेलं पाणी खडकवासल्याच्या जलाशयात उतरतं, मुठेतून पुण्यात येतं आणि पुढे मुळा-मुठा होऊन भीमेला मिळतं. दक्षिणेला पडलेलं पाणी कानंदीत जातं, मग गुंजवणीत, गुंजवणीतून नीरेत. माथ्यावर वेगळं झालेलं हे पाणी पुन्हा एकत्र येतं ते थेट नीरा-नरसिंहपूरच्या संगमावर. नकाशात ही खिंड म्हणजे एक नागमोडी रेघ. सायकलवर मात्र ती आधी पोटऱ्यांना कळते.

शनिवार-रविवारी सायकल काढून भोर-वेल्ह्याकडे वळणारे पुणेकर पुष्कळ आहेत. तिथले चढ दमवणारे, हवा स्वच्छ आणि महामार्ग सोडला की वाहनं तुरळक. मला या वाटा आणखी एका कारणासाठी मोलाच्या वाटतात. कानद खोरं, गुंजण मावळ, रोहिड खोरं, हिरडस मावळ ही शिवकाळातली नावं पुस्तकात एका ओळीत उरकतात. सायकलवर एक चढ संपला की एक खोरं मागे पडतं आणि उतार लागला की दुसरं सुरू होतं. स्वराज्य खोऱ्याखोऱ्यांतून कसं जोडलं गेलं असेल, त्याचा अदमास मला या चढ-उतारांवरच आला.

कार्तिकातल्या गार पहाटे आम्ही सिंहगड रस्त्याने निघालो. खडकवासल्याचं धरण येईपर्यंत उजाडलं होतं. पाण्यावर धुकं होतं आणि चौपाटीवरच्या टपऱ्या अजून उघडायच्या होत्या. डोणजे मागे टाकून खानापूरला पहिला चहा घेतला. इथून सरळ जाणारा रस्ता पानशेतचा, १२ जुलै १९६१ रोजी फुटून पुण्यात हाहाकार माजवणाऱ्या धरणाकडे नेणारा. आम्ही डावीकडे वळून रांजण्याची वाट धरली.

रांजण्यानंतर चढ सुरू होतो आणि बोलणं आपोआप बंद होतं. या घाटात घाई करणारा अर्ध्यात थकतो. हलका गिअर टाकायचा, खांदे सैल सोडायचे आणि पुढच्या वळणापलीकडे बघायचं नाही. सोनकीचा पिवळेपणा ओसरला होता, गवत सोनेरी व्हायला लागलं होतं. कड्याच्या बाजूला कारवीची झुडपं आणि त्यांच्यामधून मागे पडत जाणारं धरणाचं पाणी. शेवटची काही वळणं उभं राहून पॅडल मारत काढली आणि खिंडीत पोचलो.

समोर राजगड आणि तोरणा, दोघे एकाच नजरेत. डावीकडे राजगडाचा बालेकिल्ला आणि त्याच्या माच्या, उजवीकडे तोरण्याचं प्रचंड धूड. शिवाजीमहाराजांनी या गडाला प्रचंडगड हे नाव का दिलं, ते इथून पाहताना समजावून सांगावं लागत नाही. तोरण्याची उंची १४०३ मीटर, पुणे जिल्ह्यातल्या सर्वांत उंच किल्ल्यांपैकी तो एक. १६४६-४७च्या सुमारास तो स्वराज्यात आला. गडाची दुरुस्ती करताना धन सापडलं आणि ते समोरच्या मुरुंबदेवाच्या डोंगरावर नवा किल्ला बांधायला खर्ची पडलं, तोच राजगड. दोन्ही गडांच्या मधली दरी खिंडीतून जवळ वाटते, पण तळातून जाणाऱ्याला ती बरीच लांब पडते. एका गडावरचा ऐवज दुसऱ्या डोंगरावर नेऊन तिथे राजधानी उभी करायची, हा निर्णय किती दूरच्या नजरेचा होता, ते या माथ्यावर उभं राहिल्यावर जाणवतं. तोरणा उंच आणि बेलाग, पण त्याचा बालेकिल्ला बेताचा. राजगडाला मात्र पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी अशा तीन माच्या. राज्याचा कारभार मावेल एवढी ऐसपैस जागा तिथे होती.

उतार पाबे गावाकडे जातो. या रस्त्यावर ब्रेकवरचा हात सोडू नये, कारण वळणाआड अचानक गुरं उभी असतात. खाली पोचलो आणि हवेचा वास बदलला. कानद खोऱ्यात भाताची सुगी चालू होती. काही खाचरांत कापलेल्या भाताचे भारे पडले होते, काही ठिकाणी उडव्या रचल्या होत्या, खळ्यावर झोडणीचा आवाज होता. पाणी भरायला थांबलो तर खळ्यावरच्या बाबांनी हाक मारली.

"काय पाव्हणं, पुन्यापासनं सायकलीवर?"

"हो बाबा. वेल्ह्याला चाललोय."

"मग बसा की घटकाभर. पानी प्या."

भात इंद्रायणीचा होता. जूनमध्ये राब भाजलेल्या जागेत रोपं टाकायची, जुलैच्या पावसात गुडघाभर चिखलात लावणी करायची आणि आता, ऊन खणखणीत पडलं की झोडून घरात न्यायचं, असं वर्षाचं सगळं गणित बाबांनी एका दमात सांगितलं. डोंगरउतारावर नाचणी आणि वरई. या खोऱ्यांची मूळ संपत्ती एवढीच. इथला देशमुख श्रीमंत होता तो माणसांच्या जोरावर. कानद खोऱ्यात मरळ, गुंजण मावळात शिळीमकर, रोहिड खोऱ्यात जेधे आणि हिरडस मावळात बांदल, प्रत्येक खोऱ्याचं घराणं वेगळं. शेजारच्या खोऱ्याशी सीमेवरून, वतनावरून त्यांची पिढीजात भांडणं चालत. आदिलशाहीला ती सोयीची होती. सोळा-सतरा वर्षांच्या शिवाजीराजांसमोर पहिलं काम होतं ते या खिंडी ओलांडून माणसं एकमेकांना जोडण्याचं.

वेल्हे तोरण्याच्या पायथ्याशी आहे. मार्च २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने तालुक्याला राजगड हे नाव देण्याचा निर्णय घेतला, पण चहाच्या टपरीवर अजून सगळे वेल्हेच म्हणतात. भाकरी, पिठलं आणि ठेच्याचं जेवण करून सामान तिथेच ठेवलं आणि हलक्या सायकलींवर भट्टी, पासलीच्या बाजूने केळदकडे निघालो. हा रस्ता तोरण्याच्या बगलेतून जातो, त्यामुळे सकाळी समोरून दिसलेला गड आता कुशीवर वळल्यासारखा दिसत राहतो. केळदच्या पुढे मढे घाट. सह्याद्री इथे एकदम संपतो आणि खाली कोकण उघडं पडतं. फेब्रुवारी १६७० मध्ये सिंहगडावर पडलेल्या तानाजी मालुसऱ्यांचा देह याच वाटेने उमरठ्याला नेला, अशी इथली परंपरा आहे. त्याच महिन्याच्या २४ तारखेला राजगडावर राजाराम महाराजांचा जन्म झाला. एका गडावरचा शोक आणि दुसऱ्या गडावरचा आनंद, दोन्ही याच डोंगररांगेतले. दिवस कलायच्या आत आम्ही वेल्ह्याला परतलो.

रविवारी सकाळी रस्ता बहुतेक उताराचा होता. मार्गासनीकडे जाताना उजव्या हाताला राजगड सतत सोबत करतो. इथून गुंजण मावळ. राजगडावर सुमारे पंचवीस वर्षं राजधानी होती. सप्टेंबर १६५९ मध्ये सईबाईंचं निधन याच गडावर झालं. अफझलखानाच्या स्वारीचा तो काळ. एप्रिल १६६३ मध्ये शाहिस्तेखानावरच्या छाप्याची आखणीही इथलीच. १७०४ मध्ये औरंगजेब स्वतः फौज घेऊन या खोऱ्यात आला. त्याने राजगड आणि मग तोरणा घेतला आणि गडांना नवी नावं दिली. ती टिकली नाहीत, कारण मराठ्यांनी दोन्ही गड परत मिळवले. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा दिला, त्यात राजगड आहे. तोरणा त्या यादीत नसला, तरी ज्या गडाच्या धनातून राजगड उभा राहिला त्याचं स्थान या खोऱ्यात कमी होत नाही.

नसरापूरला बनेश्वराच्या झाडीत सायकली टेकवल्या. नानासाहेब पेशव्यांनी १७४९ मध्ये बांधलेलं हे शिवमंदिर. घंटेवर १६८३ हे साल आणि क्रूस आहे, म्हणजे ती पोर्तुगीज मुलखातून आलेली. चिमाजी आप्पांच्या वसई मोहिमेनंतर अशा घंटा महाराष्ट्रातल्या कितीतरी देवळांत पोचल्या. कोकणच्या किनाऱ्यावरची लढाई मावळातल्या एका देवळात अशी घुमते.

चेलाडीला महामार्ग लागला. सर्व्हिस रोड धरून कापूरहोळपर्यंतचं अंतर पटकन कापलं. कापूरहोळ हे धाराऊ गाडे यांचं गाव. मे १६५७ मध्ये पुरंदरावर संभाजीराजांचा जन्म झाला. सईबाईंची प्रकृती नाजूक असल्याने बाळाला दूध पाजायला धाराऊ गेल्या. महामार्गावरून भरधाव जाणाऱ्यांना कापूरहोळ म्हणजे भोरला वळायचा फाटा. सायकलस्वाराला इथे थांबून पाणी प्यायचं असतंच, तेव्हा या माउलीची आठवण करायला वेळही असतो.

भोरला पोचण्याआधी भाटघर. वेळवंडी नदीवरचं हे धरण १९२८ मध्ये पूर्ण झालं, तेव्हा मुंबईच्या गव्हर्नरच्या नावावरून ते लॉइड धरण म्हटलं जाई. त्याचे ४५ स्वयंचलित दरवाजे धरण भरलं की आपोआप उघडतात. जलाशयाला आता शिवकाळातल्या येसाजी कंकांचं नाव आहे. ते याच मुलखातल्या भुतोंड्याचे. भाटघरचं पाणी नीरेच्या दोन कालव्यांतून बारामती, इंदापूर, फलटण, माळशिरसच्या शेतांना जातं. उसाचा तो हिरवा पट्टा या डोंगरांच्या पावसावर उभा आहे आणि त्यासाठी वेळवंड खोऱ्यातली शेतं पाण्याखाली गेली. उन्हाळ्यात पाणी उतरलं की वेळवंडचं कांबरेश्वराचं देऊळ वर येतं आणि आजूबाजूची गावं दर्शनाला लोटतात. शेत बुडालं तरी देवाशी असलेलं नातं गावकऱ्यांनी बुडू दिलेलं नाही.

भोर नीरेकाठी वसलेलं, पंतसचिवांचं संस्थान. शंकराजी नारायण यांना राजाराम महाराजांच्या काळात सचिवपद मिळालं आणि त्यांच्या वंशाने १९४८ मध्ये संस्थान विलीन होईपर्यंत इथला कारभार पाहिला. राजगड आणि तोरणाही याच संस्थानात होते. १८६९चा राजवाडा, त्याचे चौक आणि लाकडी खांब पाहून आम्ही आंबवड्याकडे निघालो. आंबवड्याला संस्थानकाळातला झुलता पूल, झाडीत नागेश्वराचं देऊळ आणि जवळच कान्होजी जेधे, जिवा महाला आणि शंकराजी नारायण यांच्या समाध्या. १७०७ मध्ये शाहू महाराज मोगलांच्या कैदेतून परतले, तेव्हा ताराबाईंशी एकनिष्ठ राहण्याची शपथ मोडायची की खऱ्या वारसाला नाकारायचं, या पेचात शंकराजींनी स्वतःचं जीवन संपवलं, अशी हकिकत सांगतात.

कान्होजी जेध्यांचं कारी गाव इथून जवळच. १६५९ मध्ये अफझलखानाला सामील व्हा, असं आदिलशहाचं फर्मान मावळातल्या देशमुखांना आलं. रोहिड खोऱ्यातले खंडोजी खोपडे खानाकडे गेले. कान्होजी पाचही मुलांना घेऊन राजगडावर आले आणि वतनावर पाणी सोडून राजांच्या बाजूने उभे राहिले. दरबारात पहिल्या पानाचा मान जेध्यांना मिळाला. पुढच्याच वर्षी घोडखिंडीत बाजीप्रभूंबरोबर बांदलांनी रक्त सांडलं, तेव्हा राजांनी तो मान बांदलांना द्यायचं ठरवलं आणि जेध्यांनी तो आपण होऊन सोडला. ज्या खोऱ्यांमध्ये बांधावरून तलवारी निघत, त्या खोऱ्यांमधली ही देवघेव मला स्वराज्यातल्या कोणत्याही विजयाइतकी मोठी वाटते. जेध्यांच्या घरी जपलेली शकावली लोकमान्य टिळकांनी १९१६ मध्ये प्रसिद्ध केली. शिवजन्माची १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख ठरवताना तिचा मोठा आधार झाला.

परतीच्या वाटेवर खेड शिवापूर ओलांडून जुन्या कात्रज घाटाला लागलो. नवा बोगदा आता वाहनांचा, जुना घाट सायकलींचा. शाहिस्तेखानाच्या छाप्यानंतर याच घाटात बैलांच्या शिंगांना पलिते बांधून मोगलांना चकवलं, ही गोष्ट लहानपणी प्रत्येकाने ऐकलेली. दोन दिवसांच्या थकव्यानंतर तो शेवटचा चढ चढताना कळतं, की राजगड ते पुणे हा पल्ला तेव्हाच्या माणसांसाठी रोजच्या वहिवाटीतला होता. त्यांनी या खिंडी पायांनी आणि घोड्यांनी पुन्हापुन्हा ओलांडल्या, म्हणून एका खोऱ्याचा माणूस दुसऱ्या खोऱ्यासाठी उभा राहिला.

या खोऱ्यांमध्ये आता डोंगरउतारांवर प्लॉटचे फलक उभे राहत आहेत, खाचरांमधून कुंपणं येत आहेत. रस्ते सुधारले ते इथल्या लोकांच्या गरजेचंच होतं. आपण पुणेकर मात्र तिथे जमीन विकत घेण्यापेक्षा तिथला इंद्रायणी तांदूळ विकत घेऊ, तिथल्या घरात पैसे देऊन जेवू, खळ्यावर थांबून चार शब्द बोलू, तर ही भातशेती टिकायला हातभार लागेल. हिरडस मावळ आमचं अजून राहिलं आहे. पुढच्या शनिवारी भोरवरून नीरेच्या काठाने हिर्डोशीकडे आणि तिथून वरंधा घाटाच्या माथ्यापर्यंत चढायचं ठरलं आहे, बांदलांच्या मुलखातून.