बुणग्यांची बखर

९ जून
स्टीव्हन एरिकसनचं 'गार्डन्स ऑफ द मून' (१९९९) सुरू केलं. मालाझान मालिकेच्या दहा खंडांतलं हे पहिलं. आधी नकाशे, मग पात्रांची लांबलचक यादी आणि लगेच धुमश्चक्री. वॉरेन म्हणजे काय, काळ्या कातळाचा अख्खा डोंगर आकाशात कसा तरंगतो, कुणी सांगत नाही. पेल शहराच्या वेढ्यात माणसं मरतात, तेव्हा आपण अजून त्यांची नावंच जुळवत असतो. तरीही पुस्तक खाली ठेववलं नाही.

१२ जून
एरिकसन पुरातत्त्व शिकलेला. हे जग त्याने मित्र इयान एसलमाँटबरोबर खेळ म्हणून रचलं. तोही पुरातत्त्वाचाच माणूस. म्हणजे आधी काहीच न सांगण्याची ही उत्खननाची रीत. वरचा थर आधी दिसतो, त्याचं कारण खाली गेल्यावर सापडतं. आता अडलं तरी पानं उलटत राहते.

१७ जून
दारुजिस्तान शहर! जमिनीखालच्या वायूवर जळणारे निळे दिवे. मालाझान साम्राज्याचे सैनिक रस्तादुरुस्तीच्या मजुरांचं सोंग घेऊन भर चौकात खणतात, सुरुंग पुरतात, आणि त्यांना कुणी हटकत नाही. देव आणि जादूगारांपेक्षा हे थकलेले शिपाईच मला जवळचे वाटले. शेवटी मात्र नवनव्या शक्ती इतक्या अचानक उतरतात की कथेचा जोर ओसरतो.

२८ जून
दुसरा खंड, 'डेडहाउस गेट्स'. बंडाने पेटलेल्या मुलखातून कोल्टेन हा सेनापती हजारो निर्वासितांना हिस्सारहून आरेनला नेतोय. पाणी नाही, मागेपुढे शत्रू, आणि तांड्यातल्या सरदारांना अजून आपल्या मानाची पडलेली. सोबत डुइकर, साम्राज्याचा इतिहासकार.

पानिपत आठवल्याशिवाय कसं राहील? भाऊसाहेबांच्या फौजेबरोबरही बायकापोरं होती, यात्रेकरू होते. बुणगे म्हणजे लष्कराच्या गळ्यातलं लोढणं, असंच आपण वाचत आलो. इथे फौज आहे ती त्या बुणग्यांसाठी. प्रत्येक लढाईचा हिशेब एकच, त्यातले किती पुढे सरकले. एवढ्या अवाढव्य कल्पित जगात लेखकाने नजर तिथे रोखली, म्हणून मी या मालिकेची झाले.

२ जुलै
निर्वासित आरेनच्या आत पोचले. त्यांना आणणारे बाहेर, तटावरून दिसतील इतक्या जवळ, कापले गेले. आत ताजी फौज उभी होती आणि सुभेदार पॉर्मक्वालने तिला वेशीबाहेर पडू दिलं नाही. एवढा संताप एखाद्या कादंबरीतल्या माणसाचा मला कित्येक वर्षांत आला नव्हता. तिसरा खंड आजच मागवला.