द्वारका चौकातली राख

जर्मेनियम हे ३२ अणुक्रमांकाचे मूलद्रव्य निसर्गात सुटे कोठेच मिळत नाही. सोन्याचा कण नदीच्या वाळूत चमकतो, तांब्याचा गोळा क्वचित खडकात हाती लागतो. याचे तसे नाही. पृथ्वीच्या कवचात ते टनामागे सुमारे दीड ग्रॅम आहे, म्हणजे चांदीपेक्षा कितीतरी जास्त. तरीही चांदीच्या खाणी जगभर आहेत आणि जर्मेनियमची म्हणून खाण शोधावी लागते. कारण त्याचा अणू सिलिकॉनच्या अणूसारखाच वागतो. शिलारस थिजताना तो सिलिकॉनच्या जागी निमूटपणे बसतो आणि साऱ्या खडकांत चिमूट-चिमूट वाटला जातो.

ज्यांत जर्मेनियम ठळकपणे दिसते अशी खनिजे मोजकीच. जर्मनीत फ्रायबर्गजवळच्या खाणीत १८८५ साली अर्गिरोडाइट हे चांदीचे खनिज सापडले. रसायनज्ञ क्लेमेन्स विंक्लर यांनी त्याचे पृथक्करण केले, पण घटकांची बेरीज शंभरावर येईना. दर वेळी सुमारे सात टक्के कमी पडत. ती तूट म्हणजेच नवे मूलद्रव्य, हे १८८६ च्या फेब्रुवारीत सिद्ध झाले. मेंडेलीव यांनी १८७१ मध्येच त्याच्यासाठी मूलद्रव्यांच्या कोष्टकात जागा राखून ठेवली होती. (हिशेब जुळेना म्हणून काट्याला दोष न देता पुन्हा मोजत बसणाऱ्या माणसांविषयी प्रस्तुत लेखकाला फार आदर आहे.) नामिबियातील त्सुमेबचे जर्मेनाइट आणि काँगोतील किपुशीचे रेनिराइट ही आणखी दोन नावे.

बाजारात येणारे जर्मेनियम बरेचसे जस्ताच्या खनिजातून येते. त्या खनिजात, म्हणजे स्फॅलराइटमध्ये, ते टनामागे काही ग्रॅमपासून काहीशे ग्रॅमपर्यंत लपलेले असते आणि जस्त गाळताना उरलेल्या गाळातून ते काढतात. दुसरा मोठा साठा कोळशात आहे. कुजणाऱ्या वनस्पतींतील सेंद्रिय द्रव्य पाण्यात विरघळलेले जर्मेनियम धरून ठेवते. पुढे त्या दलदलीचा कोळसा झाला, की तेही त्यातच अडकते. थराच्या मध्यापेक्षा वरच्या आणि खालच्या कडेला ते जास्त असते. चीनमधील लिनत्सांग आणि वुलानतुगा येथे काही थरांत ते टनाला शेकड्यांनी ग्रॅम भरते. तेथे कोळसा जाळायचा तो जवळजवळ राखेसाठीच.

नाशिकमध्ये कोळसा जळतो तो एकलहऱ्याच्या औष्णिक वीजकेंद्रात, आणि त्या राखेची गाठ पडली ती द्वारका चौकात. प्रस्तुत लेखक सिन्नरचे खनिज-संग्रहालय पाहायला निघाला होता. मुंबई-आग्रा महामार्गाला पुणे रस्ता जेथे मिळतो तो हा चौक. वर उड्डाणपूल निवांत, खाली रिक्षा, एसटी, भाजीचे टेम्पो आणि प्रत्येकाचा स्वतःचा सिग्नल. येथे घाई करणे म्हणजे रक्तदाब वाढवून घेणे, हे नाशिककरांना ठाऊक असते. तरी प्रत्येक जण घाई करतोच. सिन्नरची बस चौकाच्या तोंडाशी अडली, कारण पुढे एक बल्कर टायर बसून आडवा झाला होता. वीस मिनिटे बस हलली नाही तेव्हा कंडक्टरच म्हणाला, "उतरून चहा घ्या, ती काही इतक्यात निघत नाही."

टपरीवर बल्करचा चालकही उभा होता, क्लीनरला जॅक लावायला सांगून. येवल्याकडचा, पन्नाशीचा माणूस. गाडीच्या पोटाखालच्या झडपेशी करड्या रंगाची पूड चिकटलेली होती. लेखकाने सहज बोट लावले.

"साहेब, हात नका लावू. निघत नाही ती लवकर."

"सिमेंट का?"

"सिमेंट कुठलं! राख आहे, एकलहऱ्याची. सिमेंटवालेच घेतात, पण त्यांच्यात मिसळायला."

बोट रुमालाला पुसले तर डाग आणखी पसरला. लेखकाने त्याला विचारले, सगळी राख सारखीच असते का. हा प्रश्न एखाद्या अभियंत्याला विचारला असता तर आलेख मिळाला असता. या माणसाने चहाचा ग्लास खाली ठेवून उत्तर दिले.

"सारखी कशी असंल? बॉयलरच्या बुडाशी पडते ती खडीसारखी, ती आमच्याकडं येतच नाही. धुराबरोबर जाते ती वर अडवतात. हॉपरच्या ओळी असतात. पहिल्या ओळीची रव्यासारखी. मागच्या ओळीची मैद्यासारखी, पाण्यागत वाहते. ती भरायला बरी, पण झाकण सैल राहिलं तर गाडीसकट आपण पांढरे."

रवा आणि मैदा या दोन शब्दांत त्याने कोळशातल्या जर्मेनियमचा पुढचा सगळा प्रवास सांगून टाकला होता, फक्त नाव त्याच्या तोंडी नव्हते. भट्टीच्या उष्णतेत जर्मेनियम बाष्परूप होऊन धुरात मिसळते. धूर निवत गेला, की झाकणाला वाफ धरावी तसे ते उडत्या राखेच्या कणांवर जमते. एक किलो रव्यापेक्षा एक किलो मैद्याला पृष्ठभाग कितीतरी जास्त, म्हणून जितका कण बारीक तितका त्याचा वाटा मोठा. बुडाशी पडलेल्या खडीत त्यामानाने फारसे काही उरत नाही. भूरसायनज्ञ गोल्डश्मिट यांनी १९३० च्या सुमारास कोळशाच्या राखेत हे मूलद्रव्य दाखवले आणि १९५० च्या दशकात ब्रिटनमध्ये गॅसच्या कारखान्यांतील धुराड्यांच्या धुळीतून ते काढलेही जात होते.

हे त्याला जमेल तसे सांगितले. त्याला रस होता तो आकड्यात. "माझ्या गाडीत किती निघंल?"

टपरीच्या फळीवर हिशेब झाला. जगातल्या दगडी कोळशात टनाला सरासरी सव्वादोन-अडीच ग्रॅम. आपल्या गोंडवाना कोळशात राखच ३५ ते ४५ टक्के; म्हणजे मातीची भर इतकी, की एकवटलेले जर्मेनियम पुन्हा पातळ होते. सरासरी धरून आणि काहीच वाया गेले नाही असे मानून राखेत टनाला सहा ग्रॅम. गाडीत पंचवीस टन.

"दीडशे ग्रॅम," लेखक म्हणाला.

"पाव किलोसुद्धा नाही?" तो हसला. "आणि त्याच्यासाठी पंचवीस टन चाळायचे?" मग जरा थांबून, "चाळून उरलेली सिमेंटवाला घेईल ना पण?"

घेईल की नाही, हे त्या चाळण्यात कोणती आम्ले वापरली त्यावर ठरेल. प्रश्न मात्र नेमका होता. पोझोलाना सिमेंटमध्ये ३५ टक्क्यांपर्यंत उडती राख चालते. राखेला गिऱ्हाईक आहे ते त्यासाठी. भारत सरकारने २०२३ साली ज्या ३० खनिजांना निर्णायक ठरवले त्यांत जर्मेनियम आहे, आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टपासून चीनने त्याच्या निर्यातीवर परवान्याचे बंधन घातले. तेव्हापासून राखेच्या ढिगांकडे पाहण्याची नजर थोडी बदलली आहे. चालकाला हे सांगायचे राहून गेले. क्लीनरने हाक मारली, टायर चढला होता.

सिन्नरपर्यंतच्या प्रवासात सांगण्याजोगे काही नाही.

तेथील गारगोटी संग्रहालयात जर्मेनियमची दुसरी, अधिक सर्वव्यापी जागा काचेत मांडलेली आहे. दख्खनचा काळा पाषाण सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्हा होऊन पसरला. त्यातल्या वायूच्या पोकळ्यांत पुढे कोमट पाणी झिरपले आणि स्टिलबाइट, ॲपोफिलाइट यांचे स्फटिक वाढले. पांडवलेण्याच्या डोंगरातील दगडखाणीचे पिवळे पॉवेलाइट संग्राहकांत जगभर नावाजलेले आहे. देखणेपणात या पोकळ्यांपुढे जवाहिऱ्याचे दुकान फिके. पॉवेलाइट मॉलिब्डेनमचे, बाकी बहुतेक सिलिकेट, आणि सिलिकेट म्हटले की कोठेतरी सिलिकॉनच्या खुर्चीत जर्मेनियमचा एखादा अणू बसलेला असायचाच. बेसॉल्टमध्येही प्रमाण तेच, टनाला दीडएक ग्रॅम. ते काढायला कोणी जाणार नाही.

पाषाण झिजला, की हा अंश मातीत राहतो आणि थोडा पाण्याबरोबर निघतो. गरम पाण्याच्या झऱ्यांत सिलिकॉनच्या मानाने त्याचे प्रमाण नद्यांपेक्षा जास्त असते. समुद्रात ते फारच विरळ, लिटरमागे काही नॅनोग्रॅम. तेथे डायटम नावाचे सूक्ष्म शैवाल आपले काचेसारखे कवच बांधताना सिलिकॉनबरोबर त्यालाही उचलतात. ते मेल्यावर कवचे खाली बसतात; बरीचशी वाटेत विरघळून जर्मेनियम पाण्याला परत मिळते, उरलेली तळाच्या गाळात गाडली जातात.