बाबूजींचा भोंगा आणि अर्धी गोळी

दोन वर्षांपूर्वी श्रावणात बाबूजी न्हाणीघरात चक्कर येऊन पडले आणि त्यांच्या डाव्या मनगटाचे हाड मोडले. मी दवाखान्यातून घरी पोहोचलो तेव्हा त्यांची नाडी मिनिटाला ४४ होती. कारण शोधायला फार वेळ लागला नाही. उशाशी रक्तदाबाच्या ज्या गोळीची पट्टी होती, ती गोळी मी महिन्याभरापूर्वीच बंद केली होती. तिने नाडी मंदावत होती म्हणूनच. तिच्या जागी सुरू केलेल्या गोळीने पायांवर सूज आली, तेव्हा रुग्णांच्या गर्दीतून फोन करून मी त्यांना सांगितले होते, "उद्यापासून अर्धी गोळी घ्या."

घरात सर्वांनी एकच निष्कर्ष काढला : वय ८१, आता विसर पडू लागला. खरे तर तो सर्वांत आधी मीच काढला. वर्षभरात बाबूजी जेवताना गप्प असत, विचारावे एक तर उत्तर दुसरेच देत, पाहुणे आले की उठून आत जात. स्मृतिभ्रंशाचे निदान मी मनातल्या मनात करूनही टाकले होते. हाताला प्लास्टर घातल्यावर बाबूजी शांतपणे म्हणाले, "तूच तर म्हटलं होतं, आधीची गोळी घ्या म्हणून. मी दोनदा इचारलं. तू हो म्हटलं."

अर्धी आणि आधीची. स्मरणशक्ती शाबूत होती. शब्द कानातच बदलला होता. बंद केलेली पट्टी मी कपाटात तशीच राहू दिली, ही चूकही माझीच. पण जन्मभर आवाजाचाच धंदा केलेल्या माणसाचे बहिरेपण त्याच्या डॉक्टर मुलाला दिसू नये, हे अधिक सलते.

बाबूजी माईकवाले होते. अर्जुनी मोरगाव तालुका तेव्हा भंडारा जिल्ह्यात होता. गोंदिया जिल्हा वेगळा झाला तो १९९९ मध्ये. बाबूजींनी ऐन तारुण्यात दोन भोंगे आणि वीस वॉटचा एक अँप्लिफायर घेतला. दिवाळी सरली, धान घरात आले की गावोगावी मंडई भरे आणि दंडार, खडी गंमत, नाटके रात्रभर चालत. गावात वीज नसली तर बारा व्होल्टची बॅटरी बैलगाडीत ठेवून ते निघत. सुट्टीत मीही सोबत असे. एवढ्याशा यंत्रावर सारी मंडई कशी ऐकते, याचे मला नवल वाटे.

त्याचे रहस्य भोंग्याच्या आकारात आहे. हवा फार हलकी. साध्या स्पीकरचा पडदा तिच्यात नुसता हलतो आणि त्याचा जोर बहुतांशी वाया जातो. विजेतला जेमतेम एक टक्क्याच्या आसपास भाग आवाज होऊन बाहेर पडतो, उरलेल्याची उष्णता होते. भोंग्याच्या अरुंद गळ्यात मात्र पडद्याला हवेचा पुरता भार लागतो आणि गळा हळूहळू रुंदावत गेल्याने तो जोर बाहेरच्या मोकळ्या हवेपर्यंत पोहोचतो. चांगला भोंगा दहा टक्के किंवा त्याहूनही अधिक विजेचा आवाज करतो. म्हणजे साध्या स्पीकरला जिथे पन्नास वॉट लागावेत, तिथे याचे पाचात भागते.

पण जोड जमली पाहिजे. अँप्लिफायरच्या मागे ४, ८ आणि १६ ओहमचे स्क्रू असत. १६ ओहमचे दोन भोंगे समांतर जोडले की मिळून भार ८ ओहमचा होतो, म्हणून तार ८ च्या स्क्रूला लावायची. ती १६ ला लावून आवाज वाढवत नेला की यंत्र तापते आणि शब्द फाटतात. मला हा धडा दहाव्या वर्षी मिळाला, शरीरशास्त्राच्या पुष्कळ आधी.

वैद्यकीयच्या पहिल्या वर्षी मधल्या कानाचे प्रकरण वाचताना बाबूजींचे ते स्क्रू आठवले होते. आपल्या कानातही अशीच जोड आहे. बाहेरची हवा हलकी, अंतर्कर्णातला द्रव जड. आवाज हवेतून थेट द्रवावर आदळला तर बहुतेक सारा परत फिरेल. म्हणून मध्ये पडदा आणि हातोडी, ऐरण, रिकीब ही तीन इवलीशी हाडे आहेत. पडद्याचे क्षेत्रफळ रिकिबीच्या तळाच्या सुमारे १७ पट. त्यात हाडांच्या तरफेची थोडी भर पडून दाब जवळजवळ २२ पट होतो.

हे भोंग्याचे वेड मला पुढे जडले. बंद पडलेल्या एका चित्रपटगृहाचे सामान भंगारात निघाले, तेव्हा त्यातले दोन स्पीकर मी घरी आणले. छातीइतक्या उंच लाकडी पेट्या आणि वर धातूचे भोंगे. (घरच्यांनी काय म्हटले ते लिहीत नाही.) हौसेने मी त्यांना शंभर वॉटचा नवा अँप्लिफायर जोडला. गाणे लावण्याआधीच खोलीभर सरसर ऐकू येऊ लागली. बाबूजी हसले. "एवढा मोठा कायले पाहिजे? याले पाच वॉट पुष्कळ." भोंगा संगीत जसे वाढवतो तसा अँप्लिफायरचा स्वतःचा कचराही वाढवतो, तिथे शंभरावा वॉट कामाचा नसतो, पहिला वॉट किती स्वच्छ आहे तेवढेच महत्त्वाचे. नागपूरच्या एका जुन्या रेडिओ मेकॅनिककडून मग ईएल-८४ जातीचा एकेक व्हॉल्व्ह असलेला, दर बाजूला पाचच वॉट देणारा अँप्लिफायर करून घेतला. अमेरिकेत पॉल क्लिप्श यांनी १९४६ मध्ये कंपनी काढून खोलीच्या कोपऱ्यात ठेवायचे भोंगे घरोघरी नेले, त्यांनाही असे चार-पाच वॉट पुरतात.

बाबूजी रोज संध्याकाळी या स्पीकरपुढे नाट्यगीते ऐकत बसत, आणि टीव्ही लावला की उठून जात. मला तो रुचीचा प्रश्न वाटे. वास्तविक लक्षण तिथेच होते. भोंगा आवाज एका दिशेने फेकतो. भिंतींवरून येणारे प्रतिध्वनी कमी मिसळतात आणि शब्द सुटे ऐकू येतात. टीव्हीच्या मागच्या बाजूला बसवलेल्या चिमुकल्या स्पीकरचा आवाज भिंतींवर आपटून येतो. त्यातले शब्द त्यांना लागत नव्हते.

पडल्यानंतर मात्र सारे क्रमाने केले. उजव्या कानातला मळ काढला, ट्यूनिंग फोर्कने तपासले, नागपूरला ऑडिओग्राम काढला. खालचे स्वर जवळजवळ ठीक होते. २००० हर्ट्झच्या पुढे आलेख उतरणीला लागला होता. वार्धक्यातल्या बहिरेपणाची ही नेहमीची तऱ्हा आहे, आणि रात्र रात्र भोंग्याजवळ काढल्याने त्यात भर पडलेली. बोलण्यातला जोर स्वरांत असतो, पण एक शब्द दुसऱ्यापासून वेगळा ओळखू येतो तो बहुतांशी व्यंजनांमुळे, आणि स, श, च, फ यांसारखी व्यंजने वरच्या पट्टीत असतात. म्हणून असा माणूस म्हणतो, "ऐकू येते, पण समजत नाही." शिवाय हळू आवाज मुळीच ऐकू येत नाही आणि मोठा एकदम असह्य होतो. आपण "काय?" ऐकून ओरडतो, आणि लगेच उत्तर येते, "काहून ओरडून राहिला?" दोन्ही तक्रारी खऱ्या असतात.

बाजारातून आणलेले एक स्वस्त कानयंत्र आमच्याकडे आधीच खणात पडून होते. त्याने भांड्यांचा खणखणाट आणि माणसाचे बोलणे सारखेच वाढे. माझ्या शंभर वॉटच्या अँप्लिफायरचीच गत. या वेळी श्रवणतज्ज्ञांनी ऑडिओग्राम समोर ठेवून यंत्र बसवले : जिथे उणे तिथेच वाढ, आणि मोठ्या आवाजाला लगाम. बाबूजींना समजावून सांगावे लागले नाही. म्हणाले, "म्हणजे आता तार बरोबर स्क्रूले लागली." तरीही पहिले महिनाभर त्यांना कागदाची सळसळ आणि स्वतःचीच पावले नकोशी होत. दिवसाला दोन तासांपासून वेळ वाढवत नेला. पुष्कळ यंत्रे याच महिन्यात खणात जातात, म्हणून घरच्यांनी तेवढा धीर धरावा.

घरात आम्हीही बदललो. पाठमोरे किंवा दुसऱ्या खोलीतून बोलणे बंद केले. उजेडात, समोर बसून, सावकाश बोलतो. शब्द समजला नाही तर तोच ओरडून न सांगता दुसरा वापरतो. औषध बदलले की कागदावर लिहून देतो, फोनवर सांगावेच लागले तर त्यांच्याकडून परत वदवून घेतो, आणि बंद केलेली पट्टी त्याच दिवशी घराबाहेर जाते. 'लॅन्सेट'च्या तज्ज्ञ आयोगाने २०२० मध्ये स्मृतिभ्रंशाची टाळता येण्याजोगी जी १२ कारणे सांगितली, त्यांत श्रवणदोष आहे. वृद्ध माणूस विसरतो आहे असे वाटले तर कान तपासल्याशिवाय निदान करू नये, हे मी आता माझ्या रुग्णांच्या मुलांना सांगतो. स्वतःचे उदाहरण देऊनच.

कोणाच्या घरी असे भोंग्याचे स्पीकर असतील त्यांच्यासाठी एक सूचना. एकाच वॉटला मीटरभर अंतरावर हे शंभर डेसिबलच्या पुढे जातात. ८५ डेसिबलचा आवाज कान आठ तास सोसू शकतो. पुढे दर ३ डेसिबलला ती मुदत निम्मी होते, म्हणजे १०० ला जेमतेम पंधरा मिनिटे. बाबूजी पहाटेपर्यंत बसत. मीही त्यांच्या मांडीला टेकून तिथेच झोपत असे.

मागच्या महिन्यात संध्याकाळी गाणे संपले आणि बाबूजी म्हणाले, "डाव्या भोंग्यात बारीक सरसर होऊन राहिली, पाहा बरं." मी जवळ जाऊन कान लावला. मला काहीही ऐकू आले नाही. मेकॅनिक आला, त्याने डावीकडचा व्हॉल्व्ह काढून पाहिला आणि म्हणाला, "डॉक्टरसाहेब, सरसर तर चांगली मोठी होती." येत्या सोमवारी नागपूरला मी माझ्या कानांसाठी वेळ घेतली आहे. बाबूजी सोबत येणार आहेत.