न काढलेला दात

आमच्या घरावर ज्यांचे उपकार आहेत त्यांत मी सगळ्यात वर धरतो ते एका दाताच्या डॉक्टरांना, आणि तेही त्यांनी काम करायला नकार दिला म्हणून. नाव लिहीत नाही, त्यांना ते आवडायचं नाही.

2021 चा मे महिना. शाहूवाडी तालुक्यात घराआड घर कोरोना होता. माझे वडील, आण्णा, नुकतेच कोविड सेंटरमधून सुटून आले होते. ऑक्सिजन लागला होता, स्टेरॉईडची इंजेक्शनं झाली होती, आणि मधुमेह तर जुनाच. घरी येऊन पंधरवडा होतो न होतो तोच डावा गाल ठणकायला लागला, वरचे दात हलायला लागले. दात कुजलाय, उपटून टाका, यावर आईपासून भावकीपर्यंत सगळ्यांचं एकमत झालं. भावकीत एवढं एकमत एरवी बांधाच्या बाबतीतसुद्धा होत नाही. आण्णांना मोटारसायकलवर बसवून मलकापूरला नेलं.

डॉक्टरांनी तोंडात बॅटरी मारली आणि गप्प झाले. एक दात नव्हे, एका बाजूचे सगळे ओळीनं हलत होते. टाळूचा रंग त्या बाजूला राखेसारखा. गालावरून कापूस फिरवला तर आण्णांना काही कळेना. मग त्यांनी दाताबद्दल एक शब्द विचारला नाही. कोरोना झाला होता का, साखर किती, नाकातून काळपट काही येतं का, एकाचे दोन दिसतात का, एवढंच.

"डॉक्टर, तेवढा दात उपटा की. बाकीचं मागनं बघू," आण्णा वैतागले.

"आण्णा, मी ह्याला हात लावणार नाही. आजच्या आज कोल्हापूर गाठायचं."

त्यांनी चिठ्ठी लिहिली, तिथल्या सीपीआर रुग्णालयातल्या ओळखीच्या कान-नाक-घसा तज्ज्ञांना आमच्यासमोर फोन लावला, फी घेतली नाही. त्या दिवशी त्यांनी दात काढला असता तर जखम भरली नसती, अँटिबायोटिकच्या गोळ्यांवर आठवडा गेला असता, आणि म्युकरमायकोसिस ह्या बुरशीच्या आजारात आठवडा म्हणजे डोळा, पुढं मेंदू.

ह्या बुरशीचे बीजाणू आपल्याकडं कुठं नाहीत? भिजलेल्या पिंजरात, उकिरड्यावर, पालापाचोळ्यात, शिळ्या पावावर. आण्णांनी जन्मभर श्वासातून ते ओढले असतील आणि शरीरानं गुपचूप मारले असतील. साखर बेसुमार वाढली आणि वर स्टेरॉईड पडलं की रक्तातल्या पांढऱ्या पेशी ढिल्या पडतात. मग बुरशी नाकातून सायनसमध्ये, तिथून रक्तवाहिन्यांत घुसते. रक्त अडतं आणि त्यापुढचं मांस मरून काळं पडतं. ती माणसाकडून माणसाला लागत नाही, हे गल्लीला पटवताना माझा घसा सुकला. जून 2021 च्या अखेरीस केंद्र सरकारनं देशातल्या रुग्णांचा आकडा सांगितला तो 40,845 होता, आणि त्यातले निम्म्याहून जास्त मधुमेही.

कोल्हापुरात एमआरआय झाला, नाकातला तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली गेला, आणि ऑपरेशनमध्ये सायनससकट डाव्या वरच्या जबड्याचा भाग काढावा लागला. डोळा वाचला. खरी लढाई त्यानंतरची, अ‍ॅम्फोटेरिसिन-बीच्या कुप्यांची. त्या औषधाच्या दुकानात मिळत नव्हत्या, प्रशासन रुग्णालयांना वाटून देत होतं. सात हजारांच्या घरातली कुपी. मेअखेरीला वर्ध्याच्या जेनेटिक लाइफ सायन्सेसनं बाराशे रुपयांत द्यायला सुरुवात केली तेव्हा वॉर्डातल्या नातेवाइकांनी ती बातमी एकमेकांना वाचून दाखवली. उपचार महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत बसले, म्हणून आमचं रान गहाण पडलं नाही.

औषध तसं जहाल. हुडहुडी भरायची, पोटॅशियम उतरायचं, आणि क्रिएटिनिनचा रिपोर्ट येईपर्यंत जिवाला घोर. व्हेनेझुएलातल्या ओरिनोको नदीकाठच्या मातीतल्या जीवाणूपासून 1950 च्या दशकात ते मिळालं. बुरशी मारायचं, पण मूत्रपिंडालाही सोडायचं नाही. मेदाच्या सूक्ष्म आवरणात घातलं की मूत्रपिंडाला ते बरंच सोसतं. असं भारतीय औषध तयार करण्यात मुंबईच्या केईएमच्या डॉ. नीलिमा क्षीरसागर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा मोठा वाटा, हे मला नंतर वाचनात आलं. आण्णा 1982 च्या संपापर्यंत परळच्या गिरणीत होते. केईएमच्या फाटकावरून त्यांची रोजची ये-जा. त्यांना हे सांगितलं तर म्हणाले, "म्हंजे परळानं आपल्याला दोनदा पोसलं म्हण की."

डिस्चार्जनंतर पोसाकोनाझोलच्या गोळ्या होत्या, एक दिवसही न चुकवता घ्यायच्या. मलकापुरातल्या मेडिकलवाल्या काकांनी जुलैच्या मध्यालाच पुढच्या गोळ्या मागवून आमच्या हातात कोंबल्या, त्याही उधारीवर. म्हणाले, "पाऊस लागला की आपल्या तालुक्याचं काय खरं न्हाई." आठवडाभरात महापूर आला. कोल्हापूरकडचा रस्ता पाण्याखाली, आंबा घाटात रस्ता खचलेला, दोन्ही तोंडं बंद. आण्णांची एकही गोळी चुकली नाही.

टाळूला भोक राहिलं होतं. पाणी प्यायलं की नाकातून यायचं, बोललेलं समजायचं नाही. दाताच्या त्याच डॉक्टरांनी माप घेऊन, भोक बुजवणारी आणि दात बसवलेली प्लेट करवून घेतली, सूज उतरेल तशी पुन्हा पुन्हा घासून बसवली. आण्णा आता भाकरी खातात, फोनवर भांडतात. पहिल्या दिवसाची फी द्यायला मी गेलो तेव्हा डॉक्टर म्हणाले, "कशाची फी? दात कुठं काढला मी?"

ते पैसे अजून फिटलेले नाहीत. म्हणून एवढंच मागतो: घरात मधुमेही असेल, केमो चालू असेल, किडनी बदललेली असेल, स्टेरॉईड झालं असेल, आणि अचानक वरचे दात हलायला लागले, गाल बधिर झाला, नाकात काळी खपली दिसली, तर दात काढायची घाई करू नका. त्याच दिवशी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा.